फिट येते म्हणून पोराला घरी बसवू नका



या पानांवर आपण बहुधा लागण, खोडवा, ठिबक आणि खताचे हप्ते यांविषयी वाचता. यावेळी आम्ही घरातला एक विषय घेतला आहे. विषय नाजूक आहे, आणि ज्या घरात तो असतो त्या घरात मोठ्याने बोलला जात नाही. तो म्हणजे अपस्मार. आपल्याकडे कोणी त्याला फेफरे म्हणतो, कोणी आकडी, कोणी मिरगी. अलीकडे सगळेच ‘फिट’ म्हणतात. त्यातही आम्हाला बोलावयाचे आहे ते तेरा ते एकोणीस वर्षांच्या पोरापोरींविषयी. लहान मुलाला फिट आली तर ते उठून पुन्हा खेळायला जाते. या वयातले पोर मात्र उठल्यावर आधी आजूबाजूला कोण उभे आहे ते बघते.

हा आजार क्वचित कोणाला होतो असा समज आहे. तो खरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि हजार माणसांमागे साधारण चार ते दहा जणांना तो असतो. तीन हजार वस्तीचे आपले एखादे गाव धरले तरी बारा ते तीस माणसे झाली. गावात विचारून बघा, लोक दोन नावे सांगतील. बाकीची कुठे गेली? ती घराघरांत आहेत, झाकून ठेवलेली आहेत.

आमच्या माहितीतल्या एका घराची हकीकत सांगतो. नाव-गाव देत नाही; घर सभासदाचे आहे एवढे पुरे. मुलगा दहावी चांगल्या मार्कांनी पास झाला. वडिलांनी हौसेने अकरावीला पुण्यात घातला आणि हडपसरला चुलत्यांकडे ठेवला. त्याआधी दीड वर्षात त्याला दोन वेळा फिट येऊन गेली होती. तालुक्याला दाखवून गोळ्या सुरू केल्या होत्या. पुण्याला पाठवताना घरच्यांनी एकच गोष्ट बजावली, “कुणाला सांगू नकोस बरं का.”

त्याने कुणाला सांगितले नाही. सहामाही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो रात्रभर जागून अभ्यास करत होता. अशाच एका सकाळी पहिल्या तासाला वर्गात त्याला मोठी फिट आली. बाकावरून खाली पडला, हातपाय ताठ होऊन झटके सुरू झाले, तोंडाला फेस आला, पँट ओली झाली. वर्गातली पोरे घाबरली. कुणी चप्पल काढून नाकाला लावली. एकाने दातखीळ सोडवायची म्हणून किल्ल्यांचा जुडगा दातांत घातला, त्यात पुढचा दात अर्धा तुटला. आणि एकाने मोबाईल काढून सगळ्याचा व्हिडिओ घेतला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ वर्गातल्या प्रत्येकाच्या फोनवर होता.

पुढचा दीड महिना हा मुलगा रोज सकाळी डबा घेऊन चुलत्यांच्या घरातून वेळेवर बाहेर पडे, बसने स्वारगेटला उतरे आणि सारसबागेत जाऊन बसे. दुपारी डबा तिथेच खाई. संध्याकाळी घरी. कॉलेजातून हजेरीबद्दल फोन आला तेव्हा चुलत्यांना कळले. गोळ्याही त्याने बंद केल्या होत्या. का, म्हणून विचारल्यावर म्हणाला, “गोळी खाल्ली की मी आजारी हाय ते ध्यानात येतं. नाही खाल्ली तर दिवस तरी बरा जातो.”

वडिलांनी त्याला गावी आणले. “राहू दे घरी. आपली चार एकर हाय, त्याला काय कमी पडतंय?” यात प्रेमच होते, आम्ही त्याला दुसरे नाव देणार नाही. पण घरी आल्यावर काय झाले ते ऐका. विहिरीकडे जायचे नाही. मोटर चालू करायला जायचे नाही. गोठ्यात जायचे नाही, म्हैस बुजेल. मित्राच्या बहिणीच्या लग्नाला जायचे नाही, चारचौघांत काही झाले तर? आई रात्री त्याच्याच खोलीत झोपू लागली. न्हाणीच्या दाराशी धाकटी बहीण उभी. सोळा वर्षांच्या मुलाला हे कसे वाटेल! आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो बराच वेळ बोललाच नाही. निघता निघता म्हणाला, “घरात माझ्याशी कुणी भांडत बी नाही आता.”

हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही, म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला.

आता आजाराविषयी थोडे. मेंदूतल्या पेशींचे काम सूक्ष्म विजेवर चालते. काही क्षण ती वीज एकदम आणि बेशिस्त सुटली की फिट येते. भूतबाधा नव्हे, करणी नव्हे, आणि हा वेडाचा प्रकार तर मुळीच नव्हे. तो स्पर्शाने पसरत नाही. आयुष्यात एखादी फिट बऱ्याच लोकांना येऊन जाते. कारण नसताना पुन्हा पुन्हा येऊ लागली तरच तिला अपस्मार म्हणतात. कारणे अनेक आहेत: जन्माच्या वेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, डोक्याला मार, मेंदूज्वर, आनुवंशिकता. आपल्या देशात आणखी एक कारण पुष्कळ आढळते. डुकराच्या पट्टकृमीची अंडी घाण पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि अळी मेंदूत जाऊन बसते. तेव्हा वाफ्यातला मुळा-गाजर शर्टाला पुसून खाण्याची आपली सवय सोडलेली बरी. अनेकांच्या बाबतीत मात्र कारण सापडतच नाही.

औषधे जुनी आहेत आणि चांगली आहेत. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. कर्नाटकातल्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोनच स्वस्त गोळ्यांवर खेड्यातल्या रुग्णांवर उपचार केले, आणि पुष्कळांच्या फिट आटोक्यात आल्याचे ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात २००१ साली प्रसिद्ध झाले. नीट निदान आणि नियमित औषध मिळाले तर शंभरांतले सत्तर रुग्ण फिटविना राहू शकतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग एवढी माणसे झाकून का राहावीत?

पण गोळी योग्य हवी. आमच्या या मुलाच्या बाबतीत गंमत झाली, ती सांगतो. त्याची हडपसरची काकू मोठी चौकस बाई. तिच्या लक्षात आले होते की सकाळी उठल्यावर तासभर पोराच्या हाताला मधूनच हिसका बसतो. कधी दात घासायचा ब्रश उडतो, कधी चहाचा कप हातातून सुटतो. घरात सगळे त्याला धांदरट म्हणत. गावाकडेही हेच, वडिलांनी तर कप फोडला म्हणून एकदा मुस्काटात दिली होती. काकूने हट्ट धरून त्याला पुण्यात मेंदूविकारतज्ज्ञाकडे नेले. चुलत्यांनी वर्गातल्या एका पोराकडून तो व्हिडिओ मागून घेतला होता. डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा बघितला, सकाळच्या हिसक्यांविषयी खोदून खोदून विचारले आणि मेंदूचा आलेख, म्हणजे ई.ई.जी., काढायला सांगितला. मुलाला ज्या प्रकारचा अपस्मार होता त्याला डॉक्टरी भाषेत जुव्हेनाईल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. तो नेमका याच वयात सुरू होतो, सकाळी हातांना झटके देतो आणि जागरणाने उसळतो. त्याला आधी चालू असलेली कार्बामाझेपिन ही गोळी दुसऱ्या प्रकारच्या फिटवर उत्तम, पण या प्रकारात ती झटके वाढवू शकते. तालुक्याच्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. कप पडतो हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

म्हणून सांगतो, फिट आलेल्या माणसाला स्वतःला काहीच आठवत नसते. बघणाऱ्याने सांगावे लागते. किती वेळ चालली, आधी कोणता हात हलला, मान कुठे वळली, किती वाजता आली, रात्री झोप झाली होती का, हे वहीत लिहून ठेवावे. घरच्या माणसाने, डॉक्टरांना दाखवण्यापुरता, मोबाईलवर व्हिडिओ घेतला तर फार उपयोग होतो. काही पोरांना हातपाय झाडणारी फिट येतच नाही. नुसते काही सेकंद टक लावून बघतात, हाक मारली तरी ऐकत नाहीत, पुन्हा आपल्या कामाला लागतात. मास्तर म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते ऐकत नाही. असे दिवसातून अनेकदा होत असेल तर रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

घरात ‘नाही’ किती असावेत

काही ‘नाही’ खरे आहेत आणि ते आम्ही लपवणार नाही. विहिरीत, कॅनॉलात एकट्याने पोहायचे नाही. कडबाकुट्टीवर, गुऱ्हाळाच्या चरकावर किंवा काहिलीजवळ काम करायचे नाही. झाडावर, टाकीवर चढायचे नाही. ट्रॅक्टर आणि मोटरसायकल नाही. शिकाऊ परवान्याच्या अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र भरावे लागते त्यात अपस्माराचा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो; तिथे खोटे लिहून गाडी चालवली तर जीव आपलाही जातो आणि समोरच्याचाही. गावातली सगळी पोरे सतराव्या वर्षी बुलेटवर बसायला बघत असताना आपल्याला ते जमणार नाही, ही गोष्ट पोराला फार लागते. “त्यात काय मोठंसं” म्हणून ती उडवून लावू नका. लागू द्या, बोलू द्या.

पण एवढ्या चार-पाच खऱ्या ‘नाहीं’ना घरची माणसे आणखी वीस जोडतात, आणि तिथे पोर खचते. न्हाणीत जायला हरकत नाही, आतून कडी लावू नये आणि बादलीभर पाण्याने बसून अंघोळ करावी, एवढेच. लग्नाला जाऊ द्या, रात्री वेळेवर परत आणा. क्रिकेट, कबड्डी, धावणे डॉक्टरांना विचारून खुशाल खेळू द्या. आपली जुनी मंडळी टोनी ग्रेगला विसरली नसतील. १९७६-७७ साली इंग्लंडचा संघ घेऊन आलेला तो उंचापुरा कप्तान आपल्याला मालिका ३-१ ने हरवून गेला. पोरवयापासून त्याला अपस्मार होता. दक्षिण आफ्रिकेचा जॉन्टी ऱ्होड्स, १९९२ च्या विश्वचषकात हवेत झेपावून यष्ट्या उडवणारा, त्यालाही आहे.

पण मोठी नावे ऐकून एक दिवस बरे वाटते, दुसऱ्या दिवशी कप पुन्हा हातातून पडतो. पोराला धीर येतो तो घरात त्याच्यावर काही अवलंबून असले म्हणजे. इथे आम्हा ऊसवाल्यांच्या घरात कामाला तोटा आहे काय? काट्याच्या पावत्या जपून ठेवणे, खेपांचा आणि टनेजचा हिशोब मांडणे, लागणीची नोंद आपल्या नावावर बरोबर चढली का ते गट ऑफिसला जाऊन बघणे, ठिबकच्या खताचे वेळापत्रक, माती परीक्षणाचा अहवाल, बँकेतले काम. आमच्या त्या घरात बापाचा हिशोब कायम डायरीच्या मागच्या पानावर. गेल्या हंगामात हे सगळे मुलाकडे दिले. तोडणी चालू असताना एका खेपेची पावती आणि नोंद यांत फरक पडला. तो त्याने काढला आणि बापाबरोबर जाऊन दुरुस्त करून घेतला. त्यानंतर बाप-लेकात पहिल्यांदा कडाक्याचे भांडण झाले, म्हणे. पाणी कोणत्या वाफ्याला आधी द्यायचे यावरून. आई सांगताना हसत होती.

गोळ्याही त्याच्याच ताब्यात द्याव्यात. आईने रोज हातावर ठेवलेली गोळी पोर जिभेखाली धरून बाहेर थुंकते, हे अनेक घरांत घडते. सात दिवसांचे सात कप्पे असलेली डबी औषधाच्या दुकानात मिळते. रविवारी त्यानेच भरावी. आईने फक्त रात्री डबीकडे नजर टाकावी. फिटची वही त्यानेच लिहावी. डॉक्टरांकडे गेल्यावर बापाने गप्प बसावे आणि पोराला बोलू द्यावे. थोडा वेळ बाहेर जाऊन बसले तर आणखी चांगले. पोराला जे विचारायचे असते ते आपल्यासमोर तो विचारणार नाही.

गोळ्यांचे परिणामही या वयात मनाला लागतात. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, अंगावर लव वाढते. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, केस गळतात. शिवाय गरोदरपणात ती बाळाला अपाय करू शकते, त्यामुळे वयात आलेल्या मुलीला ती चालू असेल तर डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोलावे. फेनोबार्बिटोनने सुस्ती येते, लेव्हेटिरासेटॅमने काही मुले चिडचिडी आणि उदास होतात. “पोरगं हल्ली तिरसट झालंय” असे म्हणण्याआधी ते गोळीमुळे तर नाही ना, हे विचारावे. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. पण ते डॉक्टरांनी. आपल्या मनाने गोळी एकदम बंद केली तर फिटवर फिट येत राहण्याची भीती असते, आणि ती जिवावर बेतू शकते. दोन-तीन वर्षे एकही फिट आली नाही तर डॉक्टर हळूहळू गोळी उतरवतात. सगळ्यांची उतरत नाही. सकाळच्या झटक्यांच्या प्रकारात बहुधा पुष्कळ वर्षे घ्यावी लागते, हेही त्या मुलाला स्पष्ट सांगितले गेले. ऐकून तो दोन दिवस जेवला नाही.

एक गोष्ट दबक्या आवाजात सांगावयाची नाही, सरळच सांगतो. अपस्मार असलेल्या मुलांत उदासी इतरांपेक्षा जास्त आढळते. मित्र तुटणे, रात्री झोप न येणे, आवडीच्या गोष्टी सोडून देणे, “माझ्यामुळे तुम्हाला त्रास”, “जगून काय उपयोग” अशी भाषा, ही लक्षणे दिसली तर “असं बोलू नये” म्हणून गप्प करू नका. जवळ बसा आणि थेट विचारा. विचारल्याने मनात नसलेले विचार शिरत नाहीत. अशा काळात त्याला एकटे सोडू नका, आणि घरातली कीटकनाशके व तणनाशके कुलपात ठेवा. आपल्या घरांत ती पडवीत उघडी पडलेली असतात. सरकारची ‘टेलि मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतही बोलता येते, दिवसा आणि रात्रीही.

पुण्यात कुठे जावे

आपली पुष्कळ मुले शिकायला पुण्यात असतात. कोणी नातेवाइकांकडे, कोणी वसतिगृहात, कोणी सदाशिव पेठेत कॉट घेऊन. खर्चाची अडचण असेल तर पुणे स्टेशनजवळचे ससून सर्वोपचार रुग्णालय आहे. १८६७ पासून गोरगरिबांच्या उपयोगी पडत आले आहे. जुने कागद, आलेख, गोळ्यांची रिकामी पाकिटे आणि ती वही बरोबर न्यावी, आणि सकाळी लवकर जावे. गावाकडे असलेल्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत तपासणीस येणारे पथक अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासते, आणि त्यांच्या यादीत फिटचा आजार आहे. पथक येते त्या दिवशी पोराला मुद्दाम घरी ठेवणारे पालक आम्हाला माहीत आहेत.

पण या लेखाच्या दृष्टीने पुण्यातली महत्त्वाची जागा निराळीच आहे. श्रीमती यशोदा वाकणकर यांनी २००४ साली पुण्यात ‘संवेदना फाउंडेशन’ हा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट सुरू केला. यशोदाताई म्हणजे डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांच्या कन्या; येरवड्याच्या ‘मुक्तांगण’चे नाव आपण ऐकलेच असेल. हा आजार यशोदाताईंनी स्वतः लहानपणापासून सोसला, त्यावर मेंदूची शस्त्रक्रियाही करून घेतली. त्यामुळे तिथे बोलणे वरून खाली होत नाही. रुग्ण आणि त्यांचे पालक एकत्र बसतात, आपापले सांगतात. औषधांनी न आटोपणाऱ्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेचा उपयोग होतो, ही माहितीही आपल्या भागात फारशी कुणाला नाही.

आमचा मुलगा काकूच्या आग्रहाने पुण्यात अशाच एका बैठकीला गेला. कोपऱ्यात बसला, एक शब्द बोलला नाही. पण तिथे बँकेत नोकरी करणारा तिशीतला एक गृहस्थ होता. बोलता बोलता त्याने घड्याळ बघितले, खिशातून डबी काढली, सगळ्यांच्या समोर गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला आणि अर्धवट राहिलेले वाक्य पुरे केले. “चारचौघांत खाल्ली की ओ त्यानं,” मुलगा आम्हाला दोनदा म्हणाला. टोनी ग्रेगपेक्षा या बँकेतल्या माणसाचे काम मोठे झाले, असे आमचे मत आहे.

पुढे यंदा जूनमध्ये तो पुन्हा पुण्याला गेला, दुसऱ्या कॉलेजात. पहिल्याच आठवड्यात त्याने वर्गशिक्षकांना आणि बाकावरच्या दोन मित्रांना सांगून टाकले आणि फिट आली तर काय करायचे तेही समजावले. ते आपणही समजून घ्या, कारण बाजारात, एस.टी.त, काट्यावर कुठेही प्रसंग येऊ शकतो. घाबरू नये. घड्याळ बघावे. आजूबाजूचे दगड, विळा-कोयता बाजूला करावेत, डोक्याखाली टॉवेल घडी करून घालावा, गळ्याचे बटण सोडावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात काही घालू नये, चमचाही नाही, पाणीही नाही. कांदा, चप्पल काही हुंगवू नये. फिट आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. झटके कमी झाले की कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर जाईल. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, किंवा पाण्यात घडले असेल, तर १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे. शुद्धीवर आल्यावर माणूस गोंधळलेला असतो. गर्दी हटवावी, ओले कपडे झाकायला काहीतरी द्यावे. ही शेवटची गोष्ट कोणत्याच तक्त्यात लिहिलेली नसते. आम्हाला ती त्या मुलाने सांगितली.

झोपेविषयी मात्र त्याला स्वतःच सांभाळावे लागते. गणपतीत पुण्याची मिरवणूक रात्रभर चालते. तो दहा वाजता परत आला. एकदा मित्रांबरोबर जागला, सकाळी कप सुटला. आता सकाळी तो स्टीलच्या पेल्यातून चहा पितो आणि पेला अर्धाच भरून घेतो. गावी सुट्टीला आला की रात्रीच्या लाईटला पाणी द्यायला त्याला पाठवत नाहीत. त्याऐवजी दिवसाची पाळी पूर्ण त्याची. उपवासही त्याने सोडला आहे, पोट रिकामे राहू नये म्हणून. आजीने आधी कुरकुर केली. आता म्हणते, “माझा धरते मी, त्याचा बी माझ्यातच.”

मुलींचा प्रश्न अधिक अवघड. मुलगा घरी बसवतात, मुलगी तर दडवतात, आणि मग न सांगता लग्न उरकतात. सासरी गोळ्या लपवून खाव्या लागतात, एक दिवस चुकतात, आणि व्हायचे ते होते. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाच्या आड येणारी बाब होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकण्यात आला. म्हणजे कायद्याची आडकाठी आता राहिली नाही. सांगून केलेली लग्ने नीट चालल्याची उदाहरणे आहेत, आणि संवेदनाने अशा मुलामुलींची लग्ने जुळविण्याचे कामही केले आहे. सोळा वर्षांच्या मुलीला याची आत्ताच काय गरज, असे कुणी म्हणेल. पण ती रात्री अंथरुणात नेमका हाच विचार करत असते. तिला शिकू द्या, तिच्या पायावर उभी राहू द्या, आणि लपवायचे नाही हे तिच्यादेखत घरात ठरवा.

शेवटी एक विनंती. हंगाम सुरू झाला की आपल्या शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. त्यांच्यातही फिट येणारी पोरे-पोरी असतात. गावाकडून निघताना महिन्याच्या गोळ्या बरोबर असतात, त्या डिसेंबरात संपतात, आणि इथले प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्यांना ठाऊक नसते. मोठी पोर चुलीजवळ भाकरी थापत असते, आई-बाप फडात. ज्यांच्या रानात टोळी उतरेल त्या सभासदाने पहिल्या आठवड्यातच मुकादमाला विचारावे की कुणाला फिटची गोळी चालू आहे का, आणि असेल तर पाकीट घेऊन त्या पोराला केंद्रावर दाखवून आणावे.